दूध पिताना दमणारे बाळ : जन्मजात हृदयदोषाच्या खुणा घरी कशा ओळखाव्यात

माझी मुलगी सात आठवड्यांची होती. डिसेंबरची थंडी होती, आणि तरीही दूध पिता पिता तिच्या कपाळावर घामाचे थेंब उभे राहत आणि टोपड्याची कड भिजून जाई. घरातल्या सर्वांनी प्रेमापोटीच कारणे सांगितली : अंगात उष्णता असेल, दूध पातळ असेल, दृष्ट लागली असेल. मला हळिवाची खीर आणि शतावरी सुरू झाली. दोनदा दवाखान्यात नेले, तेव्हा ‘कफ झाला आहे’ म्हणून औषध मिळाले. जन्मताना २ किलो ९०० ग्रॅम असलेले वजन दहाव्या आठवड्याच्या लसीकरणाच्या दिवशी जेमतेम ३ किलो ४०० ग्रॅम भरले, आणि लस टोचणाऱ्या सिस्टरांनी तिचे झबले वर करून विचारले, “ही नेहमी अशीच श्वास घेते का?” त्या एका प्रश्नामुळे टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, झाला आणि हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला मोठे छिद्र असल्याचे कळले. पाचव्या महिन्यात तिची शस्त्रक्रिया झाली.

मी डॉक्टर नाही. पण त्या काळात जे विचारत, वाचत आणि सोसत शिकले, ते नव्या आईवडिलांना आधीच कळावे, म्हणून हे क्रमाने लिहीत आहे. यातले काहीही तपासणीला पर्याय नाही; तपासणीला कधी आणि काय घेऊन जायचे, हे ठरवायला याचा उपयोग व्हावा.

१. दोष जन्मापासून असतो, लक्षणे मात्र नंतर दिसू शकतात

साधारणपणे दर हजार जिवंत जन्मांमागे आठ ते नऊ बाळांच्या हृदयाच्या रचनेत जन्मतःच काही दोष असतो. काही दोष इतके लहान असतात की ते आपोआप बंद होतात. काहींना पहिल्या काही दिवसांतच उपचार लागतात. पालकांना सर्वांत जास्त चकवणारी गोष्ट म्हणजे ‘जन्मल्यावर डॉक्टरांनी तपासले होते, तेव्हा सगळे ठीक होते’ हा दिलासा. तो खरा असूनही अपुरा असतो, आणि त्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे.

पोटात असताना बाळ फुप्फुसांनी श्वास घेत नाही, त्यामुळे फुप्फुसांच्या रक्तवाहिन्या आखडलेल्या असतात आणि त्यांतला दाब जास्त असतो. जन्मानंतर हा दाब काही आठवड्यांत हळूहळू उतरतो. पडद्याला मोठे छिद्र असले, तरी पहिल्या दिवसांत दोन्ही बाजूंचा दाब जवळपास सारखाच असल्याने छिद्रातून फारसे रक्त वाहत नाही आणि स्टेथोस्कोपला आवाजही येत नाही. दाब उतरला की डाव्या बाजूचे रक्त उजवीकडे आणि तिथून फुप्फुसांत जाऊ लागते, फुप्फुसे जड होतात, आणि चौथ्या ते आठव्या आठवड्याच्या सुमारास बाळ दमू लागते. म्हणजे बाळंतीण माहेरी असते, प्रसूतिगृहाच्या फेऱ्या संपलेल्या असतात, नेमके तेव्हा.

याच्या उलटही घडते. पोटातील बाळाच्या हृदयाजवळ एक जोडनलिका असते, ती जन्मानंतर पहिल्या काही दिवसांत बंद होते. काही गंभीर दोषांमध्ये बाळाचे रक्ताभिसरण त्या नलिकेवरच चाललेले असते. ती मिटू लागली की कालपर्यंत ठीक दिसणारे बाळ अचानक मलूल होते, दूध सोडते, थंड आणि राखाडी पडते. पहिल्या दोन आठवड्यांतले असे बाळ ही तातडीची वेळ आहे. ‘उद्या सकाळी दाखवू’ असे म्हणू नये.

२. प्रसूतिगृहातून निघण्यापूर्वी एक गोष्ट मागून घ्या

बाळ २४ तासांचे झाल्यावर त्याच्या उजव्या हाताला आणि एका पायाला पल्स ऑक्सिमीटर लावून रक्तातील ऑक्सिजनचे प्रमाण पाहता येते. दोन्ही ठिकाणी ते ९५ टक्के किंवा त्याहून अधिक असावे आणि दोन आकड्यांत तीनपेक्षा जास्त फरक नसावा. सुई नाही, वेदना नाही, काही मिनिटांचे काम आहे, तरीही ते सगळीकडे नेमाने होतेच असे नाही. म्हणून घरी सोडण्याच्या आदल्या दिवशी नम्रपणे विचारावे आणि आकडे डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्यावेत. बोटाला लावायचे मोठ्यांचे यंत्र नवजात बाळावर वापरून घरी निष्कर्ष काढू नका, कारण त्यासाठी वेगळा सेन्सर लागतो.

ही तपासणी निळ्या प्रकारच्या, म्हणजे रक्तातला ऑक्सिजन कमी पडून बाळ निळे पडते अशा, गंभीर दोषांसाठी आहे. माझ्या मुलीला होते तसे छिद्र या तपासणीत सापडत नाही. त्यामुळे आकडे चांगले आले, तरी पुढच्या पायऱ्या सोडू नका.

काही कुटुंबांनी अधिक जागरूक राहावे : आईवडिलांना किंवा आधीच्या मुलाला जन्मजात हृदयदोष असेल, आईला गरोदरपणाआधीपासून मधुमेह असेल, गरोदरपणाच्या पहिल्या महिन्यांत रुबेला झाला असेल, आकडीची काही औषधे चालू असतील किंवा आईवडील जवळच्या नात्यातले असतील. डाऊन सिंड्रोम असलेल्या सुमारे निम्म्या बाळांना हृदयदोष असतो. अशा बाळाचा इको लक्षणांची वाट न पाहता करून घ्यावा.

३. दूध पिणे नीट पाहा

मोठ्या माणसाचे हृदय कसे आहे, हे जिना चढताना कळते. तान्ह्या बाळाचा जिना म्हणजे दूध ओढणे. दिवसभरात त्याला एवढे कष्ट दुसऱ्या कशाचे नसतात. म्हणून मी प्रत्येक नव्या आईला सांगते की बाळ किती वेळ अंगावर आहे, एवढेच न मोजता ते कसे पिते, हे पाहा.

निरोगी बाळ लयीत ओढते, गिळते, मध्ये थोडे थांबते आणि पोट भरले की हात सैल सोडून झोपते. हृदयावर ताण असलेले बाळ आठ-दहा घोट घेते आणि सोडून देते, धाप टाकते, पुन्हा धरते, पुन्हा सोडते. अर्धा-पाऊण तास जातो. शेवटी ते झोपते, पण पोट भरून नव्हे, थकून. आणि वीस मिनिटांत पुन्हा भुकेने रडत उठते. माझी मुलगी दूध सोडली की तोंड उघडे ठेवून नाकपुड्या फुगवत श्वास घ्यायची, आणि मी समजत असे की ती खेळते आहे. कपाळ, डोक्याची मागची बाजू आणि मान घामाने ओली होणे, तेही थंड खोलीत आणि फक्त दूध पिताना, ही खूण मी आता कुठल्याही बाळात लगेच ओळखेन.

याच्या जोडीला वजन. पहिल्या आठवड्यात वजन थोडे घटते, दहा ते चौदा दिवसांत भरून येते आणि त्यानंतर पहिले तीन महिने रोज साधारण २० ते ३० ग्रॅमने वाढते. पाच-सहा महिन्यांत जन्मवजन दुप्पट व्हावे. प्रत्येक लसीकरणाच्या दिवशी, म्हणजे सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना, माता-बाल संरक्षण कार्डावरील आलेखात वजनाचा ठिपका मांडून घ्या आणि रेघ कुठे चालली आहे, ते स्वतः पाहा.

इथला सापळा असा की दोष आईच्या दुधावर ढकलला जातो. दूध पुरत नाही, मग वरचे दूध, मग बाटली, मग डबा बदला. यात आठवडे जातात. बाटलीने बाळ थोडे जास्त पीत असेल, तर लोकांची खात्रीच पटते; पण बाटलीवरही ते दमत असेल आणि घामाघूम होत असेल, तर प्रश्न दुधाचा नाही. ‘आमच्या घराण्यात सगळे बारीकच’ हे वाक्यही मी दहा आठवडे ऐकले.

४. श्वास मोजा, अंदाज करू नका

बाळ शांत असताना, शक्यतो झोपेत, झबले वर करा आणि पोटाकडे पाहत घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजा. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करू नये, कारण तान्ह्यांचा श्वास मधूनच थांबतो आणि मग वेगाने येतो. दोन महिन्यांपर्यंत मिनिटाला ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्ष या वयात ५० किंवा अधिक, आणि एक ते पाच वर्षे या वयात ४० किंवा अधिक श्वास म्हणजे जलद श्वास. पहिल्यांदा जास्त भरले, तर थोड्या वेळाने पुन्हा मोजा.

आकड्याबरोबर छाती पाहा. श्वास आत घेताना बरगड्यांच्या खाली किंवा मधल्या जागी खळगा पडतो का, मानेच्या खाली खड्डा दिसतो का? आपल्याकडे याला ‘पोट उडते’ म्हणतात आणि न्यूमोनिया समजतात, जो खरोखर असूही शकतो. फरक सुचवणारी गोष्ट ही की ताप नाही, नाक गळत नाही, बाळ हसते आहे, पण श्वास मात्र आठवडाभर तसाच वेगवान आहे. शिवाय एका वर्षात दोन-तीनदा न्यूमोनिया झालेल्या प्रत्येक बाळाच्या बाबतीत ‘हृदय तपासायचे का?’ हा प्रश्न डॉक्टरांना आपण होऊन विचारावा. जास्तीच्या रक्ताने जड झालेल्या फुप्फुसांना संसर्ग सहज होतो.

पोट उडते म्हणून बिब्बा घालणे किंवा पोटावर डागणे अजून काही भागांत चालते. कोवळ्या कातडीला जखम होते आणि मुख्य म्हणजे रुग्णालयात पोहोचायला उशीर होतो. घरातल्या वडीलधाऱ्यांशी वाद घालण्यापेक्षा ‘आधी दाखवून येते’ म्हणून सरळ निघावे.

५. निळेपणा जिभेवर पाहा, आणि त्याची वाट पाहू नका

हृदयाला दोष म्हणजे बाळ निळे पडणार, हा सर्वांत पक्का गैरसमज आहे. छिद्रांच्या बहुतेक दोषांत बाळ निळे पडत नाही. ते गोरे-सावळे जसे असेल तसेच राहते आणि दमते.

जिथे निळेपणा असतो, तिथे तो तळहातांवर शोधू नये. नव्या बाळाचे हातपाय थंडीने किंवा आंघोळीनंतर निळसर दिसणे सामान्य आहे. दिवसाच्या उजेडात, खिडकीजवळ, जीभ, हिरड्या आणि ओठांची आतली बाजू पाहा. सावळ्या बाळात ओठांचा बाहेरचा रंग फसवतो, जीभ फसवत नाही. निळ्या भिंतीच्या किंवा रंगीत दिव्याच्या खोलीत पाहू नका. रडताना, दूध पिताना किंवा शौचाला कुंथताना जीभ जांभळट होत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

आणखी एक बाब आपल्या भागात महत्त्वाची आहे. अंगात रक्त कमी असेल, तर ऑक्सिजन कमी असूनही निळेपणा डोळ्यांना दिसत नाही, बाळ फक्त फिकट वाटते. म्हणून फिकट आणि दमणाऱ्या बाळाचा ऑक्सिजन यंत्रानेच पाहून घ्यावा.

६. चालती-बोलती मुले

मोठ्या मुलांत खुणा वागण्यात दिसतात. खेळता खेळता मूल सवंगड्यांच्या आधी थांबते, उचलून घ्यायला सांगते, धावण्याचे खेळ टाळते आणि आपण त्याला आळशी म्हणतो. निळ्या प्रकारच्या काही दोषांत मूल दमले की उकिडवे बसते. तसे बसल्याने फुप्फुसांकडे जाणारे रक्त वाढते आणि बरे वाटते, हे त्याला कोणी शिकवलेले नसते. बोटांची टोके गदेसारखी फुगीर आणि नखे बाकदार होणे ही दीर्घकाळच्या कमी ऑक्सिजनची खूण आहे. पळताना चक्कर येऊन पडणे, श्रमाने छातीत दुखणे किंवा बसल्या जागी हृदय धडधडणे, यांपैकी काहीही असल्यास तपासणी होईपर्यंत मैदानी खेळ बंद ठेवावेत.

वरच्या दोन कप्प्यांमधले छिद्र मात्र वर्षानुवर्षे काहीच दाखवत नाही. अशी मुले अनेकदा शाळेच्या तपासणीत सापडतात. २०१३ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतील मुलांची वर्षातून दोनदा आणि सरकारी व अनुदानित शाळांतील मुलांची एकदा तपासणी होते. त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका, आणि पथकाने चिठ्ठी दिली, तर ती दप्तरात विसरू देऊ नका.

७. थांबायचेच नाही, अशी वेळ

जीभ निळी किंवा अंग राखाडी पडणे, दूध पूर्ण सोडणे, कण्हत श्वास घेणे, जागे न होणे, शुद्ध हरपणे : यांत १०८ ला फोन करून थेट रुग्णालयात जावे.

निळ्या दोषाच्या बाळांना, विशेषतः सकाळी उठल्यावर किंवा खूप रडल्यावर, झटका येतो. बाळ खोल आणि वेगाने श्वास घेत अधिकाधिक निळे पडत जाते. अशा वेळी त्याला छातीशी धरून त्याचे दोन्ही गुडघे दुमडून त्याच्याच छातीशी टेकवा, शांत करा, तोंडात दूध-पाणी घालू नका आणि त्याच स्थितीत रुग्णालयाकडे निघा. झटका आपोआप थांबला, तरी दाखवायला हवेच.

८. तपासणीला जाताना सोबत काय न्यावे

डॉक्टरांसमोर बाळ नेमके शांत झोपलेले असते आणि आपल्याला काही आठवत नाही. म्हणून एक साधी वही करा : रोज दूध पिण्याच्या वेळा आणि लागलेली मिनिटे, घाम आला का, झोपेतला श्वासांचा आकडा, वजन. चार दिवसांची पाने पुरतात. दूध पितानाचा आणि उघड्या छातीचा एकेक मिनिटाचा व्हिडिओ मोबाइलवर घ्या; माझ्या अनुभवात माझ्या सगळ्या वर्णनापेक्षा त्या एका मिनिटाने जास्त काम केले.

सोबत डिस्चार्ज कार्ड, माता-बाल संरक्षण कार्ड, गरोदरपणातील सोनोग्राफीचे अहवाल, आधीची औषधांची चिठ्ठी, जन्मदाखला, शिधापत्रिका आणि आईवडिलांची आधारकार्डे, प्रत्येकाच्या दोन-तीन झेरॉक्स प्रतींसह ठेवा.

आधी बालरोगतज्ज्ञांना दाखवा. ते चारही हातापायांची नाडी आणि ऑक्सिजन पाहतील. जांघेतली नाडी लागते का, हे आवर्जून विचारा, कारण महाधमनी (हृदयातून निघणारी मुख्य रक्तवाहिनी) अरुंद असेल, तर नाडी तिथे क्षीण लागते. ‘मर्मर आहे’, म्हणजे हृदयात जादा आवाज येतो, असे सांगितले, तर घाबरू नका. अनेक निरोगी मुलांच्या हृदयात निरुपद्रवी आवाज असतो. मात्र आवाज नाही म्हणून दोष नाही, असेही धरू नका. काही अतिशय गंभीर दोषांत आवाज नसतो. एक्स-रे आणि ईसीजी ठीक आले, तरी शंका असल्यास टूडी इकोच निर्णायक ठरतो, आणि तो लहान मुलांच्या हृदयाचा अनुभव असलेल्या तज्ज्ञाकडूनच करून घ्यावा. त्यात दुखत नाही; पण बाळ शांत झोपलेले लागते, म्हणून दूध कधी पाजायचे, हे आधीच विचारून घ्या.

९. पैशांची वाट आणि वेळेची किंमत

जिल्हा रुग्णालयातील बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात नोंद केली, तर इको आणि शस्त्रक्रियेसाठी पुढची वाट तिथून मिळते. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत लहान मुलांच्या हृदयशस्त्रक्रियांचा समावेश आहे. योजनेतल्या प्रत्येक रुग्णालयात आरोग्यमित्र बसतात. दाखल होण्यापूर्वी त्यांना भेटा, कारण मंजुरी आधी लागते आणि स्वतः भरलेले पैसे नंतर परत मिळतील, असे गृहीत धरून चालत नाही. बाळाचे नाव अजून शिधापत्रिकेवर नसेल, तर जन्मदाखला आणि आई किंवा वडिलांसोबतचा बाळाचा फोटो तयार ठेवा. नवी मुंबईत खारघर येथील श्री सत्य साई संजीवनी रुग्णालयात मुलांच्या हृदयशस्त्रक्रिया विनामूल्य होतात.

‘थोडे वजन वाढू दे, मग बघू’ हा निर्णय फक्त हृदयतज्ज्ञांनी घ्यायचा आहे. नातेवाइकांच्या सांगण्यावरून तारीख पुढे ढकलू नका. मोठ्या छिद्रातून वर्षानुवर्षे जास्तीचे रक्त गेले की फुप्फुसांच्या रक्तवाहिन्या कायमच्या जाड आणि कडक होतात. त्यानंतर छिद्र बंद करण्याची वेळ निघून गेलेली असते. आमच्या वॉर्डात एक अकरा वर्षांचा मुलगा होता. त्याचे छिद्र लहानपणीच कळले होते, पण तो खेळत-बागडत होता, म्हणून घरच्यांनी थांबवले होते. त्याच्या आईला डॉक्टर हे समजावत असताना मी शेजारच्या खाटेवर होते.

शस्त्रक्रियेची वाट पाहत असताना लसी नेमाने द्या, खोकणाऱ्या माणसांना बाळापासून दूर ठेवा, दिलेले औषध मिलिलिटर मोजूनच पाजा. चमचा वापरू नका. निळ्या प्रकारच्या मुलाला जुलाब-उलट्या झाल्या, तर लगेच दाखवा, कारण अंगातले पाणी कमी होऊन रक्त घट्ट होणे त्याच्यासाठी धोक्याचे असते. दात आले की ते स्वच्छ ठेवा, आणि दाताच्या डॉक्टरांकडे गेलात, तर मुलाच्या हृदयाबद्दल आधी सांगा. तोंडातले जंतू रक्तातून हृदयापर्यंत जाऊ शकतात.

पुढच्या गरोदरपणात पहिल्याच भेटीत स्त्रीरोगतज्ज्ञांना हा इतिहास सांगा आणि १८ ते २४ आठवड्यांच्या दरम्यान गर्भाच्या हृदयाचा इको करून घ्या. जुनी फाइल सोबत न्या. शस्त्रक्रियेचा सारांश आणि शेवटचा इको हे दोन कागद सर्वांत वर लावून ठेवा.